नजरेने रेघ मारणारा गॉगल: थोडी पार्श्वभूमी

आमच्या टेबलावर सध्या एक वेल्डिंगचा गॉगल असतो. वाळूज एमआयडीसीच्या रस्त्यावर हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो तसलाच. त्याच्या काळ्या काचा आम्ही काढून टाकल्यात. डाव्या बाजूने तांब्याची जाड तार वाकवून पुढे आणलीय आणि तिच्या टोकाला वेबकॅमचं उघडं सर्किट डोळ्याकडे तोंड करून बसवलंय. हा गॉगल घातला की हात न लावता, नुसत्या नजरेने, पडद्यावर चित्र काढता येतं. दिवाळीनंतर छत्रपती संभाजीनगरात तो लोकांसमोर मांडायचा विचार आहे. आतापर्यंत ज्यांनी पाहिला त्यातल्या बहुतेकांनी एकच विचारलं, हे तुमच्या डोक्यात आलं कुठून? त्याचं उत्तर पावणेदोनशेहून जास्त वर्षं मागे जातं आणि मधेच आपल्या अजिंठ्यावरून जातं, म्हणून हे टिपण.

सुरुवात चित्रकलेपासूनच होते. १८३८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी दोन आरशांचं एक उपकरण मांडलं, त्याचं नाव स्टिरिओस्कोप. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे एकच वस्तू प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळी दिसते, आणि त्या फरकातून मेंदूला खोली कळते. व्हीटस्टन यांनी ठोकळ्याची, शंकूची अशी दोन-दोन रेखाटनं केली, डाव्या डोळ्याला दिसेल तसं एक आणि उजव्याला दिसेल तसं दुसरं. आरशातून दोन्ही एकदम पाहिली की कागदावरचा ठोकळा उचलून घ्यावा असा उभा राही. फोटोग्राफीची जाहीर घोषणा १८३९ सालची, म्हणजे त्याच्या पुढच्या वर्षाची. या सगळ्या वंशावळीतली पहिली चित्रं हाताने काढलेली होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरशांच्या जागी भिंगं बसवली आणि उपकरण लहान झालं. १८५१ च्या लंडनच्या भव्य प्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाने ते पाहिलं आणि घरोघरी त्याची मागणी सुरू झाली. १८६१ च्या सुमारास अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकाने लाकडाची दांडी, दोन भिंगं आणि सरकती पट्टी एवढ्यावर हातात धरायचा स्वस्त स्टिरिओस्कोप तयार केला आणि त्याचं पेटंट मुद्दाम घेतलं नाही. ज्याला हवा त्याने बनवावा. घरगुती गॉगलची परंपरा मी इथून मोजतो.

याच काळात स्टिरिओ कॅमेरा, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन फोटो घेणारा कॅमेरा, मराठवाड्यात काम करत होता.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस अजिंठ्याची लेणी पडली, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. रॉबर्ट गिल यांचं नाव लोक घेतात ते बहुतेक पारोबरोबरच्या प्रेमाच्या गोष्टीमुळे. गिल मद्रासच्या फौजेतले. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमलं. हा सगळा मुलूख तेव्हा निजामाचा. अजिंठा गावात राहून वर्षानुवर्षं ते लेण्यांत जात आणि कॅनव्हासवर मोठमोठ्या नकला उतरवत. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. माणसाच्या उमेदीची वर्षं एका रात्रीत गेली, हे वाचताना आजही पोटात कालवतं.

पण गिल यांनी हाती कॅमेराही घेतला होता आणि त्यातला एक प्रकार जोडफोटोंचा होता. १८६४ मध्ये त्यांच्या शंभर स्टिरिओ फोटोंचं पुस्तक लंडनमध्ये निघालं, मजकूर जेम्स फर्ग्युसन यांचा. त्याच वर्षी कोरीव लेण्यांवर त्यांच्या ७४ फोटोंचं दुसरं पुस्तकही आलं. अजिंठ्याच्या लेण्यांचे जोडफोटो त्यांनी काढले, म्हणजे लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्या माणसाने डोळ्यांना भिंगं लावली की तो वाघूर नदीच्या त्या नालाकृती दरीत येऊन उभा राहत होता. भिंतीवरचं चित्र सपाटच असतं, जोडफोटोने त्यात फारशी भर पडत नाही. पण पुढचा खांब, त्यामागची पडवी आणि पडवीमागचा अंधार हे थर सुटे होतात, आणि कोरीव लेणं म्हणजे मुळात हे थरच. म्हणून मला वाटतं की गिल यांच्या कुंचल्याने चित्रं वाचवायचा प्रयत्न केला आणि त्यांच्या कॅमेऱ्याने दगड पोचवला. आज डोळ्यांवर गॉगल चढवून लेणी दाखवण्याची जी धडपड चालते, तिची पहिली खेप अजिंठा गावातूनच निघाली होती. आपल्याकडे हे अभिमानाने सांगितलं जात नाही, ते सांगायला हवं.

गावोगावी मात्र स्टिरिओस्कोप आला नाही, आली पेटी. माळेगावच्या जत्रेत खंडोबाचं दर्शन झालं की आम्ही पोरं पेटीवाल्याकडे धावायचो. पत्र्याच्या पेटीला गोल भोकं, भोकांत भिंगं, आत चित्रांची लांब पट्टी. कपाळ पत्र्याला टेकवलं की तो गार लागायचा आणि बाहेरची जत्रा एकदम गायब व्हायची. पेटीवाला दांडा फिरवेल तशी चित्रं सरकायची. आपण मान वळवली तर आतलं काही वळत नसे. सगळी सत्ता त्याच्या हातात.

ती सत्ता पाहणाऱ्याकडे आली १९६८ मध्ये. अमेरिकेत आयव्हन सदरलँड आणि त्यांचे विद्यार्थी बॉब स्प्रूल यांनी डोक्यावर घालायचा पडदा बनवला. आत दिसायचा तारांचा ठोकळा, फक्त कडांचा. पण मान वळवली की ठोकळ्याची दुसरी बाजू समोर यायची. व्हीटस्टननंतर १३० वर्षांनी पुन्हा ठोकळाच! यंत्र इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. डोक्यावर टांगत्या तलवारीच्या ग्रीक कथेवरून त्याला डॅमोक्लिसची तलवार असंच नाव पडलं. ऐंशीच्या दशकात जॅरन लॅनियर यांच्या कंपनीने असे गॉगल आणि हातमोजे विकायला काढले आणि व्हर्च्युअल रिॲलिटी हा शब्द रूढ केला, पण किमती हजारो डॉलरच्या घरात होत्या. चित्रकारांपर्यंत ते कुठून पोचणार?

ज्या थोड्यांपर्यंत पोचलं त्यांत कॅनडाच्या शार डेव्हिस. १९९५ सालच्या त्यांच्या ‘ऑस्मोस’ या कलाकृतीत गॉगलबरोबर छातीला एक पट्टा बांधायचा. श्वास आत घेतला की त्या चित्रसृष्टीत माणूस वर तरंगे, सोडला की खाली जाई, आणि शरीर कलेल त्या दिशेने सरके. बटण नाही, काठी नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही: छाती भरली की पाणी वर उचलतं, श्वास सोडला की खाली ओढतं. चित्राशी बोलायला शरीराची एवढी साधी भाषा पुरते, ही गोष्ट त्या कामातून मी घेतली.

मग गॉगल स्वस्त झाले आणि पुन्हा घराकडे आले. पामर लकी या १९ वर्षांच्या मुलाने घरच्या गॅरेजमध्ये खटपट करून केलेल्या गॉगलसाठी २०१२ मध्ये लोकांकडे २.५ लाख डॉलर मागितले, जमले २४ लाखांच्या आसपास. दोन वर्षांत फेसबुकने ती कंपनी २०० कोटी डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. मला मात्र त्याच २०१४ मधला पुठ्ठा जास्त जवळचा. गूगलच्या पॅरिसमधल्या सांस्कृतिक विभागात डेव्हिड कोझ आणि डेमियन आंरी यांनी पुठ्ठ्याची घडी, दोन भिंगं आणि एक लोहचुंबक यांत फोन बसवून गॉगल केला. चुंबक सरकवला की फोनमधल्या होकायंत्राला तो कळतो, तेच बटण. होम्स यांच्यासारखाच आराखडा सगळ्यांना खुला. आम्ही मुलांबरोबर तो बुटांच्या खोक्यांतून केला, भिंगं घड्याळ दुरुस्तीवाल्याकडून आणली. तीस मुलांपैकी निम्म्यांच्या घरच्या फोनमध्ये वळणं ओळखणारा जायरोस्कोपच नव्हता, त्यामुळे मान वळवली तरी चित्र जागचं हलेना. जत्रेतली पेटी परत आली म्हणायची. ती मुलं हिरमुसली, आणि तेव्हापासून मी गॉगलची दुसरी वाट शोधू लागलो.

ती वाट डोळ्याला चित्र दाखवण्याची नाही, डोळ्याकडेच पाहण्याची आहे. १९३५ मध्ये गाय बझवेल यांनी माणसं चित्र पाहताना नजर कुठे कुठे टेकवतात याच्या नोंदी घेतल्या. पुढे रशियात आल्फ्रेड यार्बस यांनी रेपिन या रशियन चित्रकाराच्या एकाच चित्रापुढे माणसाला बसवून वेगवेगळे प्रश्न विचारले. या घरची परिस्थिती कशी असेल, या माणसांची वयं काय असतील. प्रश्न बदलला की नजरेचा मार्ग बदलला. नजर वाहत नाही, हेही अशा नोंदींनी ठसवलं. स्थिर चित्रावर डोळा एका ठिकाणी क्षणभर थांबतो, उडी मारतो, पुन्हा थांबतो. समोर हलतं काही असल्याशिवाय त्याला सलग सरकता येत नाही. आत्ता या ओळीवर तुमचंही तेच चाललंय.

आमच्या गॉगलचा थेट पूर्वज २००९ सालचा. लॉस एंजेलिसमधले टेम्प्ट वन हे भिंतींवर अक्षरं रंगवणारे नामवंत कलाकार. स्नायू निकामी करणाऱ्या एएलएसच्या आजाराने त्यांचं सगळं शरीर थांबलं, डोळे तेवढे फिरत राहिले. मिक एबलिंग यांनी झॅक लीबरमन, इव्हान रॉथ, जेम्स पावडर्ली, थिओ वॉटसन, ख्रिस शुग्रू अशा कलाकार-प्रोग्रामरांना आपल्या घरी बोलावून घेतलं. समुद्रकाठच्या दुकानातला स्वस्त चष्मा, तांब्याची तार, व्हिडिओ गेमचा प्लेस्टेशन आय कॅमेरा आणि डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश देणारे एलईडी यांतून ‘आयरायटर’ उभा राहिला. खर्च सुमारे ५० डॉलर. सॉफ्टवेअर आणि कृती दोन्ही त्यांनी सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. टेम्प्ट यांनी दवाखान्यातल्या खाटेवरून नजरेने काढलेली अक्षरं प्रोजेक्टरने शहरातल्या इमारतीवर उमटली. सात वर्षांनी चित्र काढता आलं, पाण्याखाली दाबून धरलेलं डोकं कुणीतरी वर ओढून श्वास घेऊ दिल्यासारखं वाटलं, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या आर्स इलेक्ट्रॉनिका या डिजिटल कलेच्या संस्थेचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला मिळाला.

त्याची युक्ती साधी आहे. इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यावर टाकला की कॅमेऱ्याला बाहुली गडद, काठ ठसठशीत असलेली दिसते. सॉफ्टवेअर त्या गडद गोलाचा मध्य धरतं. आधी पडद्यावरच्या ठिपक्यांकडे एकेक करून पाहायचं, म्हणजे बाहुली इथे असली की नजर तिथे, असा हिशेब बसतो. पुढे एखाद्या जागी नजर थोडी रोखली की तिथे बिंदू पडतो, आणि बिंदू जोडून रेघ होते.

त्यासाठी वेबकॅमच्या भिंगामागची इन्फ्रारेड अडवणारी काचेची टिकली ब्लेडने काढावी लागते आणि उलट काम करणारं, म्हणजे दिसणारा प्रकाश अडवून इन्फ्रारेड सोडणारं काहीतरी लावावं लागतं. आम्ही एक्स-रेचा काळा तुकडा लावला. पडदा ठार काळा. तीन दिवस एलईडी, वायरी, सोल्डरिंग तपासत बसलो. शेवटी एका जुन्या फोटो स्टुडिओवाल्याने ड्रॉवरमधून रंगीत रोलचं धुतलेलं काळं टोक काढून दिलं, ते लावताच बाहुली लख्ख दिसली. एक्स-रे फिल्ममध्ये चांदी शिल्लक असते, ती इन्फ्रारेडही अडवते. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते, उरतात नुसते रंग, आणि त्यांच्यातून इन्फ्रारेड आरपार जातो. (म्हणूनच अशा फिल्ममधून ग्रहण कधीही पाहू नये. एक्स-रेमधूनही नको, ग्रहणाचा चष्माच वापरावा.) एलईडीच्या बाबतीतही सांभाळायला हवं. हा प्रकाश दिसत नाही, त्यामुळे डोळा आपणहून मिटत नाही. रेझिस्टर लावून करंट अगदी कमी ठेवायचा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कुणाला घालायला द्यायचा नाही, हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं.

हे सगळं ज्यांच्यासाठी चाललंय ते आमच्या गल्लीतले पेंटर मामा. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या एके काळी त्यांच्या हातच्या होत्या. लहानपणी मी त्यांची दोरी धरायचो. खडू घासलेली दोरी मी एका टोकाला दाबून ठेवायची, दुसरं टोक त्यांनी ताणायचं आणि मधून टिचकी मारायची. पत्र्यावर सरळ रेघ उमटायची, तिच्याखाली अक्षरांच्या उंचीएवढ्या अंतरावर दुसरी. मग कुठे ब्रश हातात यायचा. फ्लेक्स आलं आणि ते काम बसलं. तीन वर्षांपूर्वी लकवा होऊन उजवी बाजू गेली, बोलणंही जड झालं.

मागच्या महिन्यात त्यांना पहिल्यांदा गॉगल घातला. मान कलली की ठिपक्यांचा हिशेब बिघडायचा, म्हणून दोन्ही बाजूंना उशा लावल्या. चौथ्या खेपेला जमलं. पडद्यावर अगदी डावीकडे एक बिंदू पडला. बराच वेळ काही नाही. मग अगदी उजवीकडे दुसरा, आणि दोन्हींमध्ये आडवी रेघ आली. आम्हाला वाटलं, शिरोरेषा झाली, आता अक्षर येईल. पण खाली पुन्हा डावीकडे एक बिंदू, उजवीकडे एक. दुसरी आडवी रेघ.

शेजारी बसलेला माझा विद्यार्थी उतावीळ झाला. म्हणाला, "मामा, अक्षर काढा ना."

मामांनी पडद्यावरची नजर हलवली नाही. जड जिभेने म्हणाले, "आधी दोरी."