गडगा वेगळा, हद्द वेगळी

मे महिन्यात चाकरमानी गावी उतरले की कुठल्या ना कुठल्या वाडीत हे ऐकू येतंच: "गडगा आमच्यात सरकवलात!" भांडणारे दोघेही गडगा म्हणजेच हद्द धरून चाललेले असतात.

गडगा म्हणजे चिऱ्याचे तुकडे, कातळातले धोंडे, एकावर एक सुके रचलेले. गुरं आत शिरू नयेत एवढंच त्याचं काम. कोणी तो आपल्याच जागेत हातभर आत घेतो, कोणी मध्ये कातळ आला म्हणून वळवतो. पावसात ढासळला की धोंडे पडले तिथूनच पुन्हा रचला जातो. आमच्या परसातला गडगा फणसाच्या मुळांनी इतका फुगलाय की त्याची मधली रेघ मलाही सांगता येणार नाही आणि शेजारच्या काकांनाही. फणस मात्र दोघांचाही 'आपलाच'.

हद्द असते भूमी अभिलेख या सरकारी खात्याच्या नकाशात. सातबारा हातात नाचवून ती सापडत नाही. सातबारा क्षेत्र किती ते सांगतो, कुठून कुठवर ते नाही. त्यात कोकणात एकाच उताऱ्यावर डझनावारी सामाईक नावं, आणि पोटहिस्से कित्येकदा मोजलेलेच नसतात. शिवाय जुन्या कागदातला गुंठा (33 फूट बाय 33 फूट) आणि आताचा आर (100 चौरस मीटर) एकच समजू नका. 40 गुंठ्यांत साधारण 47 चौरस मीटरचा फरक पडतो, आणि तेवढ्यावर एक खोली उभी राहते.

हद्द जागेवर दाखवून हवी तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करायचा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. ती तुम्हाला आली तर रागाने घरी बसू नका, खुणा दाखवताना हजर राहा. मागाहून मिळणारी मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजलेल्या हद्दींचा नकाशा, जपून ठेवा.

पण म्हणून गडगा अगदीच कवडीमोल ठरत नाही. दुसऱ्याने तुमच्या जागेत उघडपणे, मालकी सांगत 12 वर्षं सलग ताबा ठेवला, तर 1963 च्या मुदत कायद्याने जागा परत मागण्याचा तुमचा दावा अडचणीत येतो. सरकलेला गडगा दिसला तर त्याच वर्षी बोला.

यंदा काकांनी चिरे मागवल्याचं कळलं, तसा मीच गेलो. "काका, चिरे उतरवण्याआधी मोजणी आणूया काय? फी अर्धी अर्धी."

"आण," काका म्हणाले. "पण फणसाचं काय ते आधी ठरव."