संत्रं कच्चं, सोयाबीन शिजवून

हिवाळ्यात आंबिया बहाराचं संत्रं बाजारात आलं की नागपुरातल्या घराघरांत एकदा तरी रस काढला जातो. काढल्याकाढल्या तो झकास लागतो. उरलेला फ्रिजमध्ये जातो, संध्याकाळी पाहुण्यांसमोर येतो आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होतं, कारण तोवर रस कडू झालेला असतो. ‘मिक्सरमध्ये बिया फुटल्या असतील’ असं कुणीतरी म्हणतंच. ते अर्धं खरं आहे, पण बिया नीट वेचून काढल्या तरी हा रस कडवट होतोच.

याला कारणीभूत आहे लिमोनिन नावाचं रसायन. आख्ख्या संत्र्यात ते तयार रूपात फारसं नसतं. फोडीच्या पापुद्र्यात आणि आतल्या पांढऱ्या गरात त्याचं आधीचं रूप असतं आणि त्याला कडू चव नसते. आपण फळ पिळतो तेव्हा पेशी फुटतात आणि हे रसायन आंबट रसात मिसळतं. तिथे आम्लामुळे आणि फळातल्याच एका विकरामुळे (एन्झाइममुळे) त्याचं हळूहळू लिमोनिन बनू लागतं. एका लिटरमध्ये पाच-सहा मिलिग्रॅम लिमोनिन झालं तरी जिभेला ते जाणवतं. रस तापवला तर ही क्रिया आणखी वेगाने होते, म्हणजे टिकवण्यासाठी पाश्चरीकरण करावं तर कडवटपणा लवकर येतो. भौगोलिक मानांकन मिळालेलं, जगात नाव असलेलं आपलं संत्रं सोलून खाण्यातच का संपतं आणि त्याच्या रसाचे मोठे कारखाने उभे राहताना का अडखळतात, याच्या अनेक कारणांपैकी हे एक अस्सल रासायनिक कारण आहे. झाडावर नीट पिकलेल्या फळात या कडू घटकाला साखर जोडली जाते आणि त्रास कमी होतो. घाईने तोडलेल्या फळाचा रस म्हणूनच जास्त दगा देतो.

हा कडवटपणा अपायकारक नाही. पण फळावर ‘प्रक्रिया’ म्हणजे काय, ते यातून चांगलं कळतं. आपण काहीही न घालता, फक्त पिळून, फळाच्या आत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या गोष्टी एकत्र आणतो आणि मग त्या आपापसात जे करायचं ते करतात.

क जीवनसत्त्वाचंही तसंच. शंभर ग्रॅम संत्र्यात ते साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम असतं. आपल्याकडच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे दोन-तीन संत्र्यांत बरंचसं काम होतं. या जीवनसत्त्वाचा मुख्य शत्रू हवेतला ऑक्सिजन. उष्णता आणि तांब्याचा अंश असेल तर नाश आणखी वेगाने होतो. ‘रस काढल्यावर दहा मिनिटांत सगळं क जीवनसत्त्व उडून जातं’ हे मात्र खरं नाही. संत्र्याचा रस आंबट असतो आणि आम्लात हे जीवनसत्त्व बऱ्यापैकी तग धरतं. झाकून थंड ठेवलेल्या रसात दुसऱ्या दिवशीही त्याचा मोठा भाग शिल्लक असतो. चव आधी बिघडते, पोषण नंतर.

बाटलीतल्या स्क्वॅशची गोष्ट वेगळी. नियमाने त्यात फळाचा रस किमान २५ टक्के असावा लागतो. उरलेलं मुख्यतः साखर आणि पाणी. तो टिकवायला गंधकाचं जे संयुग वापरतात, ते गंमतीचं आहे : क जीवनसत्त्वाला ते सांभाळतं आणि ब-१ जीवनसत्त्वाचे मात्र तुकडे करतं. संत्र्याकडे ब-१ साठी कुणी जात नाही, त्यामुळे इथे ते चालून जातं. संत्रा बर्फीबद्दल न बोललेलंच बरं. ती मिठाई आहे, मिठाई म्हणून खावी.

पण प्रक्रिया म्हणजे नेहमी तोटाच, असंही नाही. संत्र्याचा केशरी रंग ज्या कॅरोटिनॉइडांमुळे येतो, ती पेशींच्या आत घट्ट बसलेली असतात. त्यातलं बीटा-क्रिप्टोझँथिन शरीरात अ जीवनसत्त्वात बदलतं. जर्मनीत माणसांवर झालेल्या एका अभ्यासात, आख्खं फळ खाण्यापेक्षा पाश्चरीकृत रसातून हे द्रव्य रक्तात जवळपास पावणेदोन पट जास्त पोचलं. पेशी फुटल्या, म्हणून ते आतड्याच्या हाती लागलं. याउलट हेस्पेरिडिन हे फ्लॅव्होनॉइड फोडीवरच्या त्या पांढऱ्या दोऱ्यांत आणि सालीच्या आतल्या थरात भरपूर असतं. आपण ते नखाने खरवडून टाकतो आणि मुलांनाही तेच शिकवतो. गाळून घेतलेल्या रसातही ते कमीच उतरतं.

म्हणजे फळाबाबत ढोबळ नियम ‘जितकं कमी छेडाल तितकं बरं’ असा, काही अपवाद सोडून. कडधान्यात हा नियम उलटा होतो.

बी हे झाडाचं पिल्लू असतं आणि झाडाला पळता येत नाही. म्हणून बियांत प्रथिनं जितकी दाबून भरलेली असतात, तितकीच संरक्षणाची व्यवस्थाही चोख असते. १९१७ मध्ये अमेरिकेत ऑस्बॉर्न आणि मेंडेल या दोघांनी दाखवलं, की कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही, पण तेच सोयाबीन शिजवून दिलं की होते. पुढे कळलं, की सोयाबीनमधली काही प्रथिनं आपल्या ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवून धरतात. ओल्या उष्णतेने ती मोडतात.

विदर्भात हे सांगायलाच हवं, कारण ‘प्रोटीन वाढतं’ म्हणून गव्हात मूठभर कच्चं सोयाबीन टाकून दळून आणणारी घरं इथे पुष्कळ आहेत. पोळी तव्यावर मिनिटभर असते, तेवढ्यात ही प्रथिनं पूर्ण मोडतीलच याची खात्री नाही. सोयाबीन आधी वीसेक मिनिटं उकळून, वाळवून मग दळायला द्यावं. राजम्याचं तर आणखी कडक आहे. तो भिजवून, ते पाणी फेकून, खळखळ उकळूनच खावा. अर्धकच्च्या राजम्यातल्या लेक्टिन या प्रथिनामुळे काही तासांत उलट्या सुरू होऊ शकतात.

आणि मग लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत, ओल असतानाच ती पेरली जाते. फारशी मशागत नाही, फारसं पाणी नाही, तरी पीक येतं. तिच्यात ओडॅप नावाचं अमिनो आम्ल असतं. १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी ते वेगळं करून दाखवलं. दुष्काळात, दुसरं काही नसताना महिनोन्महिने मुख्यतः लाखोळीवरच राहणाऱ्यांना पाय लुळे पडण्याचा आजार होत असे आणि त्यामुळेच १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पण ओडॅप पाण्यात विरघळतं. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून टाकलं, की त्याचा बराचसा भाग निघून जातो. रतन, प्रतीक, महातिवडा अशा कमी ओडॅपच्या जातीही आता आहेत. इथे पाणी फेकणं म्हणजे पोषण फेकणं नव्हे.

इतर कडधान्यांत मात्र याच पाण्याचा हिशेब दोन बाजूंनी मांडावा लागतो. भिजवलेल्या पाण्यातून पोटात वायू करणाऱ्या शर्करा जातात, तसं थोडं फोलेट हे ब-जीवनसत्त्वही जातं. ज्याला हरभरा बाधतो त्याने पाणी फेकावं, ज्याला पचतो त्याने त्यातच शिजवावं. मोड आणणं हा याहून सरस उपाय. बी उगवायला लागलं की त्यातलं फायटेज हे विकर जागं होतं आणि लोह-जस्ताला अडकवून ठेवणारं फायटिक आम्ल तोडू लागतं. कोरड्या मुगात क जीवनसत्त्व जवळपास नसतं. मोड आलेल्या मुगात शंभर ग्रॅममागे ते दहा-बारा मिलिग्रॅमवर जातं. अर्थात, ते मोड दहा मिनिटं रश्शात उकळले, की त्यातलं बरंच गेलं.

डाळ शिजत नाही म्हणून चिमूटभर सोडा घालण्याची सवय मला अजिबात पटत नाही. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं, हे खरं. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पडून राहिलेली जुनी डाळही अशीच हट्टी होते. सोड्याने ती मऊ पडते, पण अल्कली पाण्यात ब-१ टिकत नाही आणि कडधान्यं तर त्याचा चांगला स्रोत. त्यापेक्षा आरओ यंत्राचं पाणी, जास्त वेळ भिजवणं आणि कुकर बरा. कुकरमध्ये पोषण ‘मरतं’ अशी तक्रार ऐकू येते. पण आत वेळ कमी लागतो, हवा कमी असते आणि पाणीही ओतून द्यावं लागत नाही. उघड्या पातेल्यात तासभर रटरटणाऱ्या डाळीपेक्षा तिची अवस्था वाईट नसते. चिंच-आमसूल मात्र शेवटी घालावं, आंबटात डाळ मऊ व्हायला वेळ लागतो.

डाळमिलमध्ये तूर-हरभऱ्याचं साल निघून चुनीबरोबर जनावरांच्या आंबोणात जातं. या सालातच तंतू आणि बहुतेक पॉलिफेनॉल, म्हणजे अँटिऑक्सिडंटचं काम करणारी द्रव्यं, असतात. म्हणून आख्ख्या हरभऱ्यात अँटिऑक्सिडंट जास्त, डाळीत कमी. हे वाचून डाळ सोडायची गरज नाही. तीच पॉलिफेनॉल प्रथिनांना आणि लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे सालाशिवाय डाळ पचायला सोपी जाते.

पाकिटांवर अँटिऑक्सिडंटचे आकडे छापलेले दिसतात, त्यांच्याकडे मी तरी दुर्लक्ष करते. फुटाणा भाजला की परीक्षानळीतला आकडा कधीकधी वाढतो, कारण भाजताना तयार होणारी तपकिरी द्रव्यंही त्या चाचणीत ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून मोजली जातात. त्याच भाजण्यात लायसिन हे गरजेचं अमिनो आम्ल थोडं वाया जातं, ते त्या आकड्यात दिसत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अशा अँटिऑक्सिडंट आकड्यांची ‘ओरॅक’ नावाची यादी केली होती. परीक्षानळीतल्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध सिद्ध होत नाही आणि जाहिरातवाले ते वाटेल तसे वापरतात, असं सांगून त्यांनी ती २०१२ मध्ये काढून टाकली.

याउलट ज्याचा परिणाम माणसांत मोजलेला आहे, ती गोष्ट सकाळी ठेल्यावर फुकट मिळते. तर्री पोह्यातल्या चन्यात लोह असतं, पण वनस्पतीतलं लोह शरीरात सहज शिरत नाही. वरून पिळलेल्या लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला विरघळत्या रूपात ठेवतं आणि शोषण वाढवतं. लिंबू तर्रीच्या भगुण्यात नव्हे, प्लेटमध्ये पिळायचं, म्हणजे उष्णतेत ते वाया जात नाही. पोह्यांवर लगेच घेतलेला चहा मात्र हा फायदा बराचसा पुसून टाकतो, कारण चहातली टॅनिनं लोहाला बांधून ठेवतात. तासाभराने घेतला तर नुकसान पुष्कळ कमी होतं. पण नागपुरात तर्री संपवून चहासाठी तासभर थांबणारा माणूस अजून मला भेटायचा आहे.