लिफ्टच्या दाराची शीळ

उंच इमारत बघायला आलेले पर्यटक लिफ्टमध्ये शिरतात आणि थेट सगळ्यात वरच्या मजल्याचं बटण दाबतात. तिथेच इमारत अभियंत्यांचा गट आला, की तो आधी तळघरात उतरतो. डोक्यावर हेल्मेट, हातात टॉर्च, आणि चिलरच्या (एसीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या) घरघरीत माहिती सांगणाऱ्याचा बसलेला आवाज. ज्यांचा जन्म नकाशे काढण्यात गेला, त्यांना इथे एवढं बघायचं तरी काय असतं?

नकाशात डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारी पोकळ वाहिनी, ही नुसत्या दोन समांतर रेघा. त्यातून हवा खरंच कुठे जाते, हे रेघा सांगत नाहीत. थंड प्रदेशातल्या एखाद्या मनोऱ्यात हिवाळ्यात गेलात, तर तळमजल्यावर लिफ्टच्या बंद दारापाशी जरा थांबा. फटीतून बारीक शीळ ऐकू येते. आतली हवा उबदार, म्हणून हलकी. जिने आणि लिफ्टचे शाफ्ट, म्हणजे त्यांच्या उभ्या पोकळ्या, हे तिच्यासाठी आयतं धुराडं. ती वर चढते, वरच्या मजल्यांच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला खालून गार हवा आत ओढली जाते. यालाच स्टॅक इफेक्ट म्हणतात.

हा जोर किती असावा? इमारत 200 मीटर उंच, आत 20 अंश सेल्सिअस आणि बाहेर 0 असेल, तर तळाशी आतल्या-बाहेरच्या दाबात साधारण 85 पास्कलचा फरक पडतो. आकडा किरकोळ वाटतो. पण हा सगळा फरक 2 चौरस मीटरच्या एकाच दारावर आला, तर त्यावर जवळजवळ 17 किलो वजनाइतका भार पडतो. दार ओढताना मनगटाला जे कळतं, ते गणितात कळत नाही. फिरत्या दाराचं महत्त्वही इथेच पटतं. थिओफिलस व्हॅन कॅनेलने 1888 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. माणसं आत-बाहेर करतात, पण हवेला सरळ वाट कधीच मिळत नाही. इतकी साधी युक्ती, आणि आपण तिला हॉटेलचा थाट समजतो!

मग शिडी लावून फॉल्स सीलिंगची एक फरशी बाजूला सारायची. वर गार पाण्याचे पाइप असतात. पाणी सहसा 6-7 अंशांचं. खोलीतली हवा 25 अंशांची आणि आर्द्रता 60 टक्के असेल, तर पृष्ठभाग 17 अंशांच्या खाली गेला की त्यावर दव धरतं. म्हणून पाइपभोवती इन्सुलेशन गुंडाळतात. अनुभवी माणूस टॉर्च मारतो तो पाइप टांगलेल्या कड्यापाशी. तिथे वजनाने इन्सुलेशन दबलेलं असतं, वरचं आवरण फाटलेलं असतं आणि खाली पिवळट डाग. भाडेकरू मात्र पाइप गळतोय म्हणून तक्रार करत असतो! पाइप धडधाकट असतो; पाणी हवेतलं असतं. शेजारीच एखादा व्हॉल्व्ह डक्टच्या मागे असा दडलेला सापडतो, की तो फिरवायला कोपराला तीन सांधे हवेत. नकाशात तो अगदी योग्य जागी असतो.

काही इमारती हा पडदाच ठेवत नाहीत. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांनी पॅरिसच्या पाँपिदू सेंटरची (1977) आतडी बाहेरच टांगली: हवेचे पाइप निळे, पाण्याचे हिरवे, विजेच्या वाहिन्या पिवळ्या. शिकायला झकास, पण ऊन-पाऊस झेलणाऱ्या त्या पाइपांच्या देखभालीचा विचार करूनच मला घाम फुटतो.

508 मीटर उंचीच्या तैपेई 101 मध्ये तर यंत्रणाच प्रेक्षणीय झाली आहे. 92व्या मजल्यापासून जाड तारांनी टांगलेला, 5.5 मीटर व्यासाचा 660 टनी पोलादी गोळा. वाऱ्याने इमारत डुलते तेव्हा तो मागे रेंगाळतो आणि तिच्या डुलण्याला विरोध करतो. सगळे गोळ्याचे फोटो काढतात. अभियंते मात्र कठड्यावरून वाकून खाली बघतात, कारण नुसता गोळा झुलतच राहील. त्याची ऊर्जा जिरवतात ते खालचे तिरपे हायड्रॉलिक डँपर, म्हणजे तेल भरलेले धक्काशोषक दट्टे. आतलं तेल बारीक छिद्रांतून रेटलं जातं, तापतं, आणि वाऱ्याचा जोर शेवटी उष्णता होऊन हवेत विरतो.