सोडा-व्हिनेगरच्या फेसाने सिंक मोकळं होत नाही

तुंबलेल्या सिंकमध्ये खाण्याचा सोडा टाका, वर व्हिनेगर ओता, फसफसलं की पाइप मोकळा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्ल. एकत्र आले की दोघंही एकमेकांचा जोर मारतात. फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, तो वरच्या वर उडून जातो. खाली उरतं पाणी आणि थोडं सोडियम अ‍ॅसिटेट. तेलातुपाचा घट्ट थर त्याने हलत नाही.

वेगवेगळे वापरा, दोन्ही गुणी आहेत. नळावरच्या पांढऱ्या क्षारांवर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि चमचाभर सोडा उकळा; अ‍ॅल्युमिनियमच्या नको, ते काळं पडतं. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका, विषारी क्लोरिन वायू तयार होतो.