व्हिलेज व्हॅनगार्ड

न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज या वस्तीत, सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवरील १७८ क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात असलेले जॅझ संगीताचे ठिकाण. स्थापनावर्ष कोठे १९३४, तर कोठे १९३५ दिलेले आढळते. मॅक्स गॉर्डन यांनी १९३४ मध्ये याच नावाने चार्ल्स स्ट्रीटवर जागा उघडली होती. पण गाण्याबजावण्याच्या परवान्यासाठी दोन स्वच्छतागृहे आणि बाहेर पडायला दोन वाटा लागत, त्या तेथे नव्हत्या. फेब्रुवारी १९३५ मध्ये ते आजच्या तळघरात आले. वास्तू प्रमाण मानल्यास १९३५ हेच वर्ष ग्राह्य ठरते. आरंभी येथे काव्यवाचन व लोकगीते होत. १९५७ पासून केवळ जॅझ.

लाल दारातून पंधराएक उभ्या पायऱ्या उतरल्या की पाचरीच्या आकाराची खोली लागते. निमुळत्या टोकाला मंच, आसने जेमतेम १२३. कलावंतांची विश्रांतीची खोली म्हणजे जुने स्वयंपाकघर. खोली लहान, त्यामुळे ध्वनिमुद्रणात श्रोतेही उतरतात : पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रयीच्या २५ जून १९६१ च्या मुद्रणात हळुवार पियानोमागे पेल्यांची किणकिण स्पष्ट ऐकू येते, आणि तीच त्याची खरी श्रीमंती आहे.

नोव्हेंबर १९६१ मध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी येथे वाजवलेली ‘इंडिया’ ही रचना आपल्या दृष्टीने महत्त्वाची. तिच्या काही मुद्रणांत अहमद अब्दुल-मलिक यांची साथ आहे. त्यांचे वाद्य ऊद (अरबी तंतुवाद्य) की तंबोरा, याबद्दल नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. ऊद पट्टीने छेडतात व ते मुख्यतः सुरावटीचे वाद्य. या साथीत मात्र सुरावट नसून एकच आधारस्वर अखंड भरलेला आहे. तंबोऱ्याचा पक्ष त्यामुळे अधिक सबळ वाटतो. कोल्ट्रेन यांची रविशंकरांच्या वादनावरील भक्ती सर्वज्ञात आहे. मुलाचे नावही त्यांनी रवी ठेवले. ‘इंडिया’ची मूळ सुरावट वेदपठणाच्या ध्वनिमुद्रणावरून सुचली, हे मत संभाव्य असले तरी निर्णायक नाही.

मैफल चालू असताना छायाचित्रण व फोन वर्ज्य. दर सोमवारी मोठा वाद्यवृंद वाजतो. ट्रम्पेटवादक थॅड जोन्स व ड्रमवादक मेल लुईस यांनी ही प्रथा ७ फेब्रुवारी १९६६ रोजी सुरू केली. गॉर्डन १९८९ मध्ये वारल्यावर पत्नी लॉरेन (मृत्यू २०१८) व पुढे कन्या डेबोरा यांनी व्यवस्था सांभाळली. करोनाकाळात, मार्च २०२० मध्ये बंद झालेले तळघर सप्टेंबर २०२१ मध्ये श्रोत्यांसाठी पुन्हा उघडले.