कान्कूनचा किनारा हॉटेलवाल्यांचा नाही

मेक्सिकोतल्या कान्कूनच्या हॉटेल झोनमध्ये, म्हणजे समुद्रकाठच्या हॉटेलांच्या पट्ट्यात, खोली घेतली नसेल तर समुद्रावर जाता येत नाही, हा समज साफ चुकीचा आहे. त्या देशात सगळे किनारे राष्ट्राच्या मालकीचे आहेत. किनाऱ्याची वाट अडवणाऱ्यांना दंडाची तरतूद 2020 साली कायद्यात आली. हॉटेलच्या असतात त्या आरामखुर्च्या, छत्र्या, टॉवेल. वाळूवर आपली चादर खुशाल अंथरा.

मग लोक फसतात कुठे? हॉटेलच्या दारातून घुसायला जातात आणि पहारेकरी परत पाठवतो. त्यापेक्षा कुकुल्कान बुलेवार या हॉटेल झोनच्या मुख्य रस्त्यावरून आर-1 बस पकडून प्लाया डेल्फिनेस या सार्वजनिक किनाऱ्याला उतरा. तिथे झावळ्यांच्या छत्र्या फुकट आहेत, पण लवकर भरतात, सकाळीच पोचा. लाटा मात्र जोरदार. लाल बावटा असेल तर पाण्यात अजिबात उतरू नका. मुलं सोबत असतील तर उत्तरेकडचा प्लाया लांगोस्ता बरा, पाणी शांत असतं.