पवनऊर्जा-उत्पादनाचे संगणकीय भाकीत

पवनचक्की उभारण्यापूर्वी ती वर्षाकाठी किती वीज देईल, हे संगणकीय प्रतिमानांच्या साहाय्याने ठरवण्याची पद्धत. मनोऱ्यावर किमान वर्षभर मोजलेला वारा दीर्घकालीन हवामान-नोंदींशी ताडून पाहणे, भूरचना लक्षात घेऊन तो प्रत्येक टर्बाइनच्या जागेवर व उंचीवर काय असेल हे काढणे, पॉवर कर्व्हवरून, म्हणजे कोणत्या वेगाला टर्बाइन किती वीज देते हे दाखवणाऱ्या आलेखावरून, त्याची वीज काढणे आणि नाना प्रकारची घट वजा करणे, अशी ही गणितांची साखळी असते. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने पहिल्याच कडीतली चूक महागात पडते : वेग 10 टक्क्यांनी कमी भरला, तर शक्ती 27 टक्क्यांनी घटते. (टर्बाइन कमाल क्षमतेला पोहोचल्यावर वारा वाढूनही उत्पादन वाढत नाही, म्हणून वार्षिक विजेतील फरक याहून सौम्य असतो.)

प्रतिमानाची खरी पारख उत्तर झाकून घेतलेल्या चाचणीतच होते. सन 2000 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने सुमारे 10 मी. व्यासाची, दोन पात्यांची टर्बाइन नासाच्या एम्स केंद्रातील 24.4 मी. × 36.6 मी. छेदाच्या वातविवरात (विंड टनेलमध्ये) बसवली. पात्यांचा आकार आणि वाऱ्याची स्थिती तज्ज्ञांना कळवली, मोजमापे मात्र दिली नाहीत. समोरून येणारा एकसारखा मंद वारा आणि पात्याला धरून वाहणारा प्रवाह, हा खरे तर सर्वांत सोपा पेपर होता. तरीही शक्तीची भाकिते मोजलेल्या आकड्याच्या 25 टक्क्यांपासून 175 टक्क्यांपर्यंत विखुरली. वारा वाढून प्रवाह पात्यापासून सुटू लागला, म्हणजे स्टॉल झाला, तेव्हा हा पल्ला 30 ते 275 टक्के झाला. स्थिर पात्यावर मोजलेले उचल व ओढ यांचे गुणांक फिरत्या पात्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण फिरण्यामुळे पात्याच्या मुळाजवळचा स्टॉल लांबणीवर पडतो. आजच्या मोठ्या टर्बाइन पात्यांचा कोन बदलून स्टॉल टाळतात, त्यामुळे ही अडचण पुष्कळ सौम्य झाली आहे.

भूरचनेचा वाऱ्यावरील परिणाम काढण्यासाठी डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेने 1987 मध्ये आणलेली ‘वास्प’ ही प्रणाली सपाट व मंद उताराच्या प्रदेशात चांगली चालते. तीव्र उतारावर प्रवाह जमिनीपासून सुटतो, आणि तिचे रेषीय गणित तेथे अपुरे पडते.

ओळीने उभ्या टर्बाइनमध्ये प्रश्न वेकचा, म्हणजे पुढच्या चाकामागे राहणाऱ्या मंदावलेल्या, घुसळलेल्या हवेचा असतो. डेन्मार्कच्या समुद्रातील हॉर्न्स रेव्ह 1 प्रकल्पात 80 टर्बाइन व्यासाच्या सातपट अंतरावर आहेत. वारा नेमका ओळीच्या दिशेने आला की दुसऱ्या टर्बाइनचे उत्पादन पहिलीपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी खाली येते. ही घट काही प्रतिमाने एका अरुंद दिशेसाठी वाढवून सांगतात, तर सगळ्या दिशांची सरासरी घेतल्यावर त्यांचे उत्तर बऱ्यापैकी जुळते. याचे एक कारण असे की, दहा मिनिटांच्या नोंदीत वाऱ्याची दिशा स्वतःच हेलकावत असते, आणि गणितात ती स्थिर धरलेली असते.

म्हणूनच वार्षिक बेरीज जुळली, एवढ्यावरून प्रतिमान बरोबर ठरत नाही. वारा जास्त धरला आणि वेकची घटही जास्त धरली, तर दोन चुका एकमेकींना झाकतात. सगळ्या चुका उत्पादन वाढवूनच दाखवणाऱ्या असल्या की मात्र त्या उघड्या पडतात. पहिल्या रांगेला मोकळा वारा मिळतो हे गृहीत बराच काळ चालले. प्रत्यक्षात संपूर्ण प्रकल्प अडथळ्यासारखा वागून समोरून येणारा वारा आधीच थोडा मंदावतो. हा ब्लॉकेज परिणाम आणि वेकची घट आपण कमी लेखली होती, असे डॅनिश कंपनी अर्स्टेडने ऑक्टोबर 2019 मध्ये जाहीर करून आपल्या प्रकल्पांच्या परताव्याचे अंदाज खाली आणले.

या अनिश्चिततेमुळे भाकीत एका आकड्यात न देता संभाव्यतेने देतात. पी-50 म्हणजे ओलांडले जाण्याची शक्यता निम्मी असलेले उत्पादन, तर पी-90 म्हणजे ती 90 टक्के असलेले. कर्ज देणाऱ्यांची नजर बहुधा दुसऱ्यावर असते. प्रत्यक्ष उत्पादनाशी तुलनाही वाटते तितकी सरळ नाही. टर्बाइनवरचा वेगमापक चाकामागच्या बिघडलेल्या हवेत असतो, आणि दुरुस्तीसाठी किंवा ग्रिडच्या आदेशाने ती बंद राहिलेले तास हिशेबातून नीट वेगळे काढले नाहीत, तर त्या घटीचा दोष विनाकारण वाऱ्याच्या प्रतिमानावर येतो.